एकशे साठचा गेन

“एखादं स्टूल मिळेल का?”

मी मान वर केली. दारात एक उंच माणूस उभा होता. बाहेर सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती आणि तिच्यातली बरीचशी तो अंगावर घेऊन आला होता. एका हातात लोखंडी पेटी, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री... म्हणजे छत्री असून भिजलेला. अशी माणसं मला सहसा आवडत नाहीत.

“हे भांडार नाही,” मी म्हटलं.

“बाहेर तशी पाटी आहे.”

“पाटी जुनी आहे. आत मी आहे.”

त्याने एक पाऊल मागे जाऊन पाटी पुन्हा वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. दोन्हींतलं खरं काय, ते त्याला ठरवता येत नसावं. “पण स्टूल तर आहे,” तो म्हणाला.

होतं. टेबलाच्या पलीकडे, माझ्या पर्सखाली. मी या खोलीत आले तेव्हापासून त्यावर पर्सखेरीज कोणी बसलं नव्हतं.

“ते रिकामं नाही.”

“मी विचारून बघू का तिला?” तो पर्सकडे पाहत म्हणाला. चेहरा अगदी गंभीर. “टेस्टिंग रूममध्ये बसायला काही नाही हो. वापरून झालं की आणून देतो. शप्पथ.”

मी पर्स उचलली. हसले नाही. म्हणजे, त्याची पावलं जिन्यात उतरेपर्यंत हसले नाही.

आमची कंपनी रेडिओ रिसीव्हरसाठी अँप्लिफायर बनवते. दूरवरून आलेला, जेमतेम जीव उरलेला सिग्नल पकडायचा आणि पुढच्याला ऐकू जाईल एवढा मोठा करून द्यायचा, हे त्यांचं काम. सिग्नल किती पट मोठा झाला त्याला गेन म्हणतात, आणि तो आधी कागदावर काढून देणं हे माझं काम. म्हणून खालचे लोक मला गेनबाई म्हणतात. हे मला तोंडावर कोणी सांगितलेलं नाही. जिन्यात कानावर पडलं.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, पार टोकाला. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. पहिल्या आठवड्यात मी जेवायला खाली कँटीनमध्ये गेले होते. सगळ्या टेबलांवर आपापली माणसं बसली होती. मी डबा हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिले, एकदोघांनी पाहिलं, पण सरकलं कोणी नाही. मग काहीतरी विसरल्याचा आव आणून मी वर आले आणि टेबलावरच डबा उघडला. तेव्हापासून वरच जेवते. मला कोणी हाकललं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं. एकटं पडायला एवढं पुरतं.

घरीही तेच. मावशी होती तोवर घराला आवाज होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे भिंतींशीसुद्धा स्पष्ट बोलायची. मग माझ्या मावसभावाला मुलगी झाली आणि मावशी नातीसाठी त्याच्या गावी गेली ती गेलीच. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

“आज कोणाशी बोललीस?”

एरवी मी काहीतरी ठोकून देत असे. त्या दिवशी पहिल्यांदा खरं उत्तर हाताशी होतं.

“एक माणूस आला होता. स्टूल मागायला.”

“वय?”

“मावशी, स्टूल मागायला आलेल्या माणसाचं वय कोण विचारतं?”

“बरं, आवाज कसा होता?”

मी विचार केला. “मऊ. पण घाईत नसलेला.”

“हं,” मावशी म्हणाली. त्या एका ‘हं’मध्ये तिची सगळी नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. माझ्या दारावर कोणी टकटक करत नसे. गरज असेल तर साहेब सरळ फोन करत. दार उघडलं तर तो. एका काखेत स्टूल, दुसऱ्या हातात माझ्या नव्या अँप्लिफायरचा बोर्ड.

“स्टूल परत करायला आलो,” तो म्हणाला, आणि ते ठेवून त्यावरच बसला. “आणि एक वाईट बातमी आहे. तुमचा खालचा मेलाय.”

तेव्हा मला कळलं हा कोण ते. गिऱ्हाईक कंपनीचा तपासनीस. ती कंपनी जहाजांवरचे रिसीव्हर बनवते आणि पहिल्यांदाच आमच्याकडून माल घेत होती. डिझाइन माझं, आणि पूर्णपणे माझं असं ते पहिलंच. याने पास केलं तर माल जाणार. आणि माल गेला की अर्थातच हाही.

“कोण मेलाय?”

त्याने बोर्डावर बोट ठेवलं. त्या सर्किटला कॅस्कोड म्हणतात: एकावर एक चढवलेले दोन ट्रान्झिस्टर. सिग्नल खालच्याला द्यायचा आणि वरच्याकडून घ्यायचा. “मी दोघांच्या मधे मीटरचा प्रोब लावला. आत जेवढा व्होल्टेज दिला, मधे तेवढाच आला. एक पटसुद्धा धड नाही. हा खालचा नुसता फुकटचा पगार खातोय.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “त्याने व्होल्टेज वाढवायचा, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“अँप्लिफायर आहे ना?”

“सरका.” मी कागद ओढला. “खालचा व्होल्टेज वाढवत नाही, करंट तयार करतो. त्याच्या डोक्यावर वरच्याचा पाय आहे, आणि तो पाय जेमतेम पंचवीस ओहमचा. एवढ्याशा जागेत व्होल्टेज उभा राहणार कुठून? पण तोच करंट वरचा जसाच्या तसा उचलतो आणि पाच हजार ओहमच्या रेझिस्टरमधून नेतो. व्होल्टेज तिथे उभा राहतो. पाच हजार भागिले पंचवीस.”

“दोनशे.”

“उणे दोनशे. उलटा येतो.”

“स्वभावच तसा?”

“सिग्नल उलटा येतो,” मी म्हटलं. कान गरम झाले होते.

तो कागदावर वाकला. केसांना अजून पावसाचा वास होता. “म्हणजे राबतो खालचा आणि नाव होतं वरच्याचं.”

“वरचाही राबतो. एकच ट्रान्झिस्टर असला ना, की बाहेरची सगळी उलथापालथ थोडी थोडी परत आत झिरपते. सिग्नल जितका वेगवान तितका जास्त त्रास. शेवटी तो बिचारा स्वतःच्याच आवाजाने गोंधळतो आणि गेन पडतो. वर दुसरा असला की ती उलथापालथ तो अंगावर घेतो. खालच्यापर्यंत पोचूच देत नाही. मग खालचा शांतपणे आपलं काम करतो.”

बोलता बोलता मी थांबले. इतकी सलग वाक्यं मी कित्येक दिवसांत बोलले नव्हते.

“असं कोणीतरी वर पाहिजे,” तो हळूच म्हणाला.

“बोर्ड घेऊन जा,” मी म्हटलं. “तो जिवंत आहे.”

तो गेला. बोर्ड घेऊन गेला आणि स्टूलही घेऊन गेला. “खाली लागतं,” म्हणाला. मी खिडकीशी जाऊन उगाचच पाण्याची टाकी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा टकटक. स्टूल, बोर्ड, आणि या खेपेला ती लोखंडी पेटीही. पेटी त्याच्या कंपनीची, सील लावलेली. अँप्लिफायरचा आउटपुट तिला जोडायचा आणि वरच्या काट्यावर गेन वाचायचा.

“अजून एक वाईट बातमी,” तो म्हणाला. “तुम्ही दोनशे म्हणता. काटा एकशे साठ म्हणतो.”

मी स्वतः जोडून पाहिलं. एकशे साठ. दुसरा बोर्ड मागवला. एकशे साठ. त्याला कमीत कमी एकशे नव्वद हवे होते.

माझं पहिलं डिझाइन... आणि थेट नापास.

“उद्या बघू,” तो उठत म्हणाला. त्याच्या बोलण्यात तपासनिसाचा तोरा नव्हता. “चूक कुठेही असू शकते. तुम्ही जेवलात?”

“हो.”

“इथेच? एकट्या?”

“इथे शांतता असते.”

“खूपच असते,” तो म्हणाला, आणि स्टूल काखेत मारून गेला.

मग तो रोजच येऊ लागला. तीन मजले चढून, स्टूल घेऊन. आम्ही दोष शोधत बसायचो. मला वरच्या ट्रान्झिस्टरचा संशय आला. बदलला, काटा हलला नाही. खालच्याचा करंट मोजला, बरोबर. पाच हजारांचा रेझिस्टर काढून मोजला, तोही इमानदार. मी कागदावर गेन पुन्हा पुन्हा काढत होते आणि पुन्हा पुन्हा दोनशेच येत होते. तो मधेच एखादा वेडगळ प्रश्न विचारायचा, मी चिडायचे, तो हसायचा. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. हे मी मोजलं नव्हतं, पण लक्षात राहिलं होतं.

“स्टूल एकदाचं इथेच ठेवा ना,” एकदा मी म्हटलं. “रोज कशाला वाहून आणता?”

“आणि इथेच ठेवलं तर रोज वर यायला कारण काय सांगू?”

“बोर्ड आहे की.”

“बोर्ड एक दिवस सुधारेल,” तो म्हणाला. दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं. काचेवरून पाण्याचे ओघळ हळू उतरत होते, मधेच थांबत, वाट बदलत.

त्या दिवसांत मी सकाळी आरशासमोर थोडी जास्त वेळ उभी राहत होते. डब्यात दोघांना पुरेल एवढं नेत होते आणि तो यायच्या आत, घाबरून, सगळं एकटीच संपवत होते. संध्याकाळी मावशीला बरंच काही सांगत होते, आणि ती फक्त “मग?” म्हणत होती.

पण तो गेला की खोली पूर्वीपेक्षा जास्त रिकामी वाटायची, हेही खरं. आधी मला रिकामेपणाची सवय होती. आता पर्स ठेवायला स्टूल नसायचं, आणि तेवढ्यानेही डोळे भरून यायचे.

आणि मग एका संध्याकाळी, साधी आकडेमोड करताना, उत्तर समोर येऊन बसलं. एकशे साठ म्हणजे दोनशेचे चार पंचमांश. म्हणजे करंटच्या वाटेत पाच हजार नाहीत, चार हजारच आहेत. पाच हजारांच्या शेजारी करंटला दुसरी कोणती वाट दिली की दोघांचा मिळून अडथळा चार हजारांवर येतो? वीस हजार. बोर्डावर वीस हजारांचं काहीच नव्हतं. मग ते बाहेर होतं. त्या सील लावलेल्या पेटीत. पेटी जोडली की थोडा करंट ती स्वतःकडे ओढून घेत होती. जोडलेली नसताना माझा अँप्लिफायर दोनशेच देत होता.

इतकं सोपं. मी ते पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. पण माझी खोडच अशी की सगळे दोष मी आधी आपल्याच घरात शोधते.

आनंद व्हायला हवा होता. मी खुर्चीत बसून राहिले. कारण हे उद्या त्याला सांगितलं की माल पास, त्याची सही, आणि त्याची बस.

फोन वाजला. “आज कोणाशी बोललीस?”

“मावशी, मला चूक सापडली. त्याच्या पेटीत आहे.”

“मग रडतेस कशाला?”

“रडत नाहीये.”

“मी जन्मभर हेडफोन लावून बसले गं. मला काय सांगतेस?” मग तिने विचारलं, “सांगितलं नाहीस तर?”

“तर तो येत राहील.”

“आणि तू रोज खोटं गणित मांडत बसशील. जमेल?”

मला जमणार नव्हतं. बाकी काहीही जमेल, पण चुकीचं उत्तर बरोबर म्हणून समोर ठेवणं... ते नाही. “आणि हे बघ,” मावशी म्हणाली, “त्याची वाट बघत बसू नकोस. तो इतक्यांदा चढून आला. तू एकदा उतर.”

सकाळी मी जिना उतरले. हातात कागद, खांद्याला पर्स, पर्समध्ये डबा. टेस्टिंग रूमचं दार उघडंच होतं. आत दुसऱ्याच मालाची खोकी रचून ठेवली होती, छतापर्यंत. ना टेबल, ना मीटर, ना तो. सोल्डरिंगवाल्या ताई खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

“तपासनीस कुठे बसतात?” मी विचारलं.

“आता कुठले तपासनीस, मॅडम? माल गेला की. मागच्या आठवड्यातच. पास झाला. साहेबांनी सगळ्यांना चहासुद्धा पाजला.” त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहून गडबडल्या. “तुम्हाला... कोणी सांगितलं नाही? साहेब म्हणाले, ते रोज वर जातातच, ते सांगतील.”

मी दाराच्या चौकटीला हात लावला. माझं पहिलं डिझाइन पास झालं होतं. खाली चहा झाला होता. आणि तीन मजले वर, मी त्याच अँप्लिफायरची चूक शोधत बसले होते.

“पण ते आहेत अजून,” ताई म्हणाल्या. “कँटीनमध्ये. खिडकीशी बसतात. सुट्टी टाकलीय म्हणे.”

कँटीन सकाळी जवळजवळ रिकामं होतं. तो खिडकीशी बसला होता. माझ्या स्टुलावर. समोर पेटी, बोर्ड आणि थंड झालेला चहा. मला पाहून तो उभा राहिला, इतक्या घाईत की चहा सांडला.

“तुमच्या पेटीत वीस हजारांचा रेझिस्टर आहे,” मी म्हटलं. “आणि हे तुम्हाला माहीत आहे.”

“हो.” त्याने मान खाली घातली. “मी ऑफिसला विचारलं होतं. जुन्या पेट्यांत तो असतो, म्हणाले. पेटीशिवाय मोजलं तर दोनशे आले. त्याच दिवशी सही केली.”

“आणि मला?”

“सांगायलाच आलो होतो. दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, बसा, आज जुळवूनच दाखवते. तुमचे डोळे... मी स्टूल ठेवलं आणि बसलो.”

“मला वेड्यात काढलंत तुम्ही. खाली सगळ्यांना माहीत होतं. माझं काम पास झालं, आणि मला एकटीला...” मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

“चुकलं,” तो म्हणाला. पुढे काही सारवासारव केली नाही. सांडलेला चहा टेबलाच्या कडेवरून ठिबकत होता, तोही त्याने पुसला नाही. “हिशेब करताना तुम्ही बोलता. इतर वेळी नाही. मला वाटलं, हिशेब संपला की तुम्ही ‘बरं’ म्हणाल आणि दार लावून घ्याल. मग रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज स्टूल घेऊन परत यायचो. सुट्टी आज संपते. दुपारची बस आहे.”

बाहेर पाऊस उघडला होता, फक्त पन्हाळीतून पाणी गळत होतं. मी रागावले होते. खूपच. पण इतक्या मोठ्या इमारतीतून तीन मजले चढून येणारा हा एकच माणूस होता, हेही मला त्याच वेळी दिसत होतं. बाकीच्यांनी खोटं बोलण्याइतपतसुद्धा माझी दखल घेतली नव्हती.

“मला गेन दाखवा,” मी म्हटलं.

“काय?”

“मी अजून दोनशे पाहिलेले नाहीत. फक्त कागदावर.”

त्याने मुकाट्याने बोर्ड सुरू केला आणि खिशातल्या छोट्या मीटरने, पेटी न जोडता, मोजलं. दोनशे. अगदी कागदावरचेच. मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. बरोबर होता. देखणा होता. आणि आउटपुटची तार टेबलावर मोकळी पडली होती. ते दोनशे घ्यायला तारेच्या पलीकडे कोणीच नव्हतं.

“तुमच्या कंपनीच्या रिसीव्हरला जोडल्यावर किती होतात?” मी विचारलं.

“थोडे कमी. पुढचा भागही थोडं घेतोच. कशालाही जोडलं तरी थोडे कमी होतातच.” तो माझ्याकडे पाहत नव्हता. “म्हणून तर जोडायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

कँटीनवाल्याने टेबल पुसायला फडकं आणलं आणि काय वाटलं कोण जाणे, तसंच परत नेलं.

“शनिवारी येऊ का?” त्याने विचारलं. “बोर्ड नसेल. पेटी नसेल. मोजायला काहीच नसेल.”

मला मावशीचा आवाज ऐकू आला. तू एकदा उतर. मी उतरले होते, पण अजून जणू मधल्याच पायरीवर उभी होते.

“मला गप्प बसायची सवय आहे,” मी म्हटलं. “शनिवारी तुम्हाला कंटाळा येईल.”

“मला स्टूल वाहायची सवय आहे.”

“आणि पुन्हा काही लपवलंत तर...”

“नाही लपवणार.” त्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. “आवडता तुम्ही मला. हे एकच राहिलं होतं लपवायचं.”

मी डबा उघडला, दोघांना पुरेल एवढा, आणि त्याच्या बाजूला सरकवला. खायला सुरुवात झाली तेव्हा ताई आत आल्या, आम्हाला पाहून थबकल्या, आणि काही न बोलता शेजारच्या बाकावर येऊन बसल्या.

थोड्या वेळाने त्याने घड्याळ पाहिलं. पेटी उचलायला हात घातला आणि थांबला. “हिचं काय करू? सील काढून आतला रेझिस्टर कापून टाकतो. पुढच्या वेळी कोणी घोटाळ्यात पडायला नको. मग हिलाही दोनशे दिसतील.”

मी मोकळी पडलेली तार उचलली आणि पेटीला जोडली. काटा हलला, थोडा थरथरला, आणि ओळखीच्या जागी येऊन थांबला.

“ऑफिसला कळवा, इतर पेट्यांतले काढू देत,” मी म्हटलं. “या एका पेटीतला राहू दे. मला एकशे साठ चालतील.”